कंपवात आणि शरीराचा तोल

लहान मुलें बोटाच्या टोंकावर काठी उभी धरण्याचा खेळ खेळतात. काठी स्थिर उभी आहे असें दुरून वाटतें. पण जवळून पाहिल्यास ती सारखी कलत असते, आणि ती ज्या बाजूस कलेल त्या बाजूस बोट सरकवून मूल तिला सांवरीत असतें. मनुष्याचें नुसतें उभें राहणें हाही याच जातीचा खेळ होय. मात्र तो जन्मभर चालू असूनही खेळणारास त्याचा पत्ता नसतो. पांच-साडेपांच फूट उंचीचा देह वीतभराहून थोड्या अधिक लांबीच्या दोन तळव्यांवर उभा असतो. त्याचा गुरुत्वमध्य कमरेच्या पोकळींत, बेंबीच्या किंचित् खालीं येतो. गवंडी ओळंबा सोडून भिंत पाहतो, त्याप्रमाणें या गुरुत्वमध्यांतून एक ओळंबा सोडला आहे अशी कल्पना केली, तर तो दोन्ही तळवे व त्यांमधील जागा मिळून जो चौकोन होतो त्याच्या आंत पडला पाहिजे. तो बाहेर गेला कीं मनुष्यानें पडावें, नाहीं तर पाऊल टाकून तो चौकोनच तेथें न्यावा. चालणें म्हणजे तरी दुसरें काय? पुढें पडावयास निघालेल्या देहाखालीं वेळेवर पाऊल नेऊन ठेवणें, यालाच चालणें म्हणतात.

या कामीं मेंदूस तीन ठिकाणांहून बातमी येते. डोळे आजूबाजूच्या वस्तु उभ्या आहेत कीं तिरप्या हें सांगतात. अंतःकर्णांतील तीन अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांच्याजवळचे बारीक खडे डोकें कोणीकडे वळलें व कोणीकडे कललें हें सांगतात. तिसरी बातमी तळव्यांची कातडी, सांधे आणि स्नायु यांजकडून येते. तिन्हींपैकीं एक बंद पडली तर उरलेल्या दोन काम भागवितात. म्हणूनच अंधारांतही माजघरांतून पाण्याच्या माठापर्यंत जातां येतें.

पण बातमी कळणें वेगळें आणि तिच्यावर अंमल होणें वेगळें. गाडीचा एकाएकीं हिसका बसला तर पायांचे स्नायु सुमारें एक दशांश सेकंदांत आवळले जातात. उतारूस ‘हिसका बसला’ हें कळण्यापूर्वींच तो सांवरलेला असतो. याहूनही नवलाची व्यवस्था म्हणजे हिसका बसण्याच्या आधींच केलेली तजवीज. उंच फळीवरचा डबा काढण्यासाठीं हात पुढें गेला कीं देहाचा भार पुढें जाणार, हें जणूं ओळखून हाताच्या आधीं पायाचे स्नायु ताठतात. मॉस्को येथील शास्त्रज्ञांनीं १९६७ सालीं ही गोष्ट यंत्रानें मोजून दाखविली. ज्या धडधाकट श्रोत्यांस ही तजवीज स्वतः पाहावयाची असेल त्यांनीं उजवा खांदा व उजवें पाऊल भिंतीस घट्ट लावून उभें राहावें आणि डावा पाय उचलून पाहावा. तो उचलला जात नाहीं. कारण डावा पाय उचलण्यापूर्वीं शरीर गुपचूप उजवीकडे सरकत असतें, आणि भिंत त्यास सरकूं देत नाहीं. वृद्धांनीं हा प्रयोग करूं नये.

पेढीवरच्या जुन्या, विश्वासू गुमास्त्यासारखी ही यंत्रणा आहे. मालकास न विचारतां ती सारा व्यवहार पाहते, आणि मालक निश्चिंतपणें इतर कामांस मोकळा राहतो. कंपवातांत हा गुमास्ताच आजारी पडतो.

लंडनजवळील हॉक्स्टन येथें धंदा करणारे जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं या रोगावर एक छोटेखानी निबंध लिहिला. त्यांत सहाच रोग्यांची हकीकत आहे, आणि त्यांपैकीं कांहीं तर त्यांनीं केवळ रस्त्यांत पाहिलेले! तरी त्यांची नजर इतकी तीक्ष्ण होती कीं, रोगी पुढें वांकतो व चालतां चालतां मनांत नसतांना धांवूं लागतो, हें लक्षण त्यांनीं रोगाच्या व्याख्येंतच घातलें. रोग फार वाढल्यावर एका सोबत्यास रोग्यासमोर उलट पावलीं चालावें लागे व त्याच्या खांद्यांस हात लावून त्यास पुढें पडण्यापासून आवरावें लागे, असेंही त्यांनीं नमूद केलें आहे. पण निबंधास नांव पडलें तें कंपाचें. आपल्याकडेही ‘कंपवात’ हाच शब्द रूढ आहे. आणि नांवामुळें सर्वांची दृष्टि थरथरणाऱ्या हातावर खिळली. वास्तविक हाताच्या कंपानें चहा सांडतो, तोल गेल्यानें मांडीचें हाड खुब्याशीं मोडतें. उतारवयांत मोडलेला खुबा पुष्कळांना अंथरुणास खिळवितो आणि कित्येकांस त्यांतून उठूं देत नाहीं. या रोगानें पीडलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक माणसें केव्हां ना केव्हां पडतात.

मेंदूच्या मधल्या भागांत काळसर रंगाच्या पेशींचा एक पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन नांवाचें द्रव्य तयार करून वरच्या केंद्रांस पुरवितात. कंपवातांत त्या हळूहळू मरतात, आणि ज्या हालचाली मनुष्य विचार न करितां करीत असे त्यांची धार बोथट होते. पावलापूर्वींची ती गुप्त सरकण अपुरी पडते. मग पाऊल उचललेंच जात नाहीं, आणि पाय जमिनीस चिकटल्यासारखा मनुष्य दारांत उभा राहतो. पाऊल उचललें तरी तें लहान पडतें. पाठ वांकल्यामुळें ओळंबा पुढें गेलेला असतो, आणि त्यास गांठण्यासाठीं आंखूड पावलें भराभर पडूं लागतात. पार्किन्सनना दिसलेली धांव ती हीच. उलट, कपाटाचें दार किंवा टेबलाचा खण ओढतांना तोच मनुष्य सरळ मागें कोसळतो.

धक्का बसल्यावर सांवरण्याची शक्ति अजिबात नाहींशी होते असें मात्र नव्हे. स्नायु वेळेवर जागे होतात, पण त्यांचें उत्तर प्रसंगास शोभेसें नसतें. उभ्या माणसाखालची जमीन सरकली तर पायांनीं जोर लावावा हें योग्य. बसलेल्या माणसाचें आसन सरकलें तर पायांनीं धांवून येण्याचें कारण नाहीं. निरोगी मेंदू हा फरक पहिल्याच खेपेस ओळखतो. कंपवाताच्या रोग्याचे पाय बसल्यावरही उभें असल्याप्रमाणेंच आवळले जातात, असें अमेरिकेंतील ओरेगॉन येथें फे होराक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९२ सालीं दाखविलें. शिवाय पुढचे व मागचे दोन्ही बाजूंचे स्नायु एकदमच ताठल्यामुळें देह लवचिक वेताऐवजीं लाकडी खांबासारखा होतो. आणि खांब कलला म्हणजे अर्ध्यावर थांबत नाहीं.

सर्वांत अवघड गोष्ट वळण्याची. निरोगी मनुष्य वळतांना आधीं डोळे व मान वळवितो, मग खांदे, मग कंबर आणि शेवटीं पाय. रोग्याचें सारें शरीर एकाच वेळीं, एकाच तुकड्यासारखें वळतें. त्यासाठीं जागच्या जागीं सहा-सात पावलें पडतात आणि त्यांतच पायांत पाय अडकतो. अशा वेळीं पडणें बाजूस होतें. निरोगी मनुष्य पडतांना हात पुढें करितो, त्यामुळें फार तर मनगट मोडतें. येथें हातही वेळेवर येत नाहींत, म्हणून आघात खुब्यावर होतो.

आणखी एक गोष्ट घरच्या माणसांच्या ध्यानांत येत नाहीं. आपण वांकलों किंवा एका अंगास कललों आहोंत, हें पुष्कळ रोग्यांना जाणवतच नाहीं. ‘ताठ उभे राहा ना’ असें दिवसांतून दहा वेळां सांगितलें जातें. तो ताठ होतो आणि क्षणांत पुन्हा पूर्ववत् वांकतो. हा हट्ट नव्हे, आळसही नव्हे. त्याच्या मेंदूस तो ताठच वाटत असतो. सांगण्यापेक्षां समोर पुरुषभर उंचीचा आरसा ठेवणें, अथवा पाठ भिंतीस टेंकून उभें करणें, अधिक उपयोगी पडतें. कारण मग डोळ्यांची व पाठीची बातमी त्यास खरी स्थिति सांगते.

वैद्य ही शक्ति एका साध्या रीतीनें पारखतात. रोग्यास पूर्वकल्पना देऊन ते त्याच्या मागें उभे राहतात आणि दोन्ही खांदे धरून झटक्यानें मागें ओढतात. एक-दोन पावलांत सांवरला तर ठीक. तीन ते पांच पावलें लागलीं तर बिघाडास आरंभ झाला. पाऊलच न टाकतां मागें आला तर वैद्यानें त्यास झेलावयाचें. म्हणून ही परीक्षा घरीं कोणीही हौसेनें करावयाची नाहीं. न्यूयॉर्क येथील मार्गारेट होन व मेल्व्हिन यार यांनीं १९६७ सालीं रोगाच्या पांच पायऱ्या ठरविल्या. त्यांतील तिसरी पायरी हीच, तोल बिघडण्याची. पहिल्या दोन पायऱ्यांवर मनुष्य कांहीं वर्षें तरी निर्धास्त चालत असतो.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ज्याचें पडणें दुखण्याच्या पहिल्याच वर्षांत सुरू होतें, त्याचा रोग बहुधा साधा कंपवात नसून त्याचा एखादा भाऊबंद असतो. टोरांटो येथील स्टील, रिचर्डसन व ओल्शेव्स्की यांनीं १९६४ सालीं वर्णिलेल्या रोगांत, ज्यास प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी म्हणतात, मान ताठ राहते, डोळे खालीं वळेनासे होतात, आणि मनुष्य वारंवार मागें पडतो. त्यास ताटांतलें अन्न नीट दिसत नाहीं, जिन्याची पायरी दिसत नाहीं. आणि आपण धोक्यांत आहोंत याचेंही भान कमी होतें, म्हणून तो खुर्चींतून एकदम झेप घेतल्यासारखा उठतो. मल्टिपल सिस्टिम ॲट्रफी या दुसऱ्या एका रोगांत उठून उभें राहतांच रक्ताचा दाब एकाएकीं उतरतो व डोळ्यांपुढें अंधारी येते. कांहींमध्यें लहान मेंदू बिघडल्यानें मद्यप्यासारखी फेंगडी चाल येते. तिसरा प्रकार मेंदूंतील पोकळ्यांत पाणी साठण्याचा. कोलंबियांतील बोगोटा येथील सालोमोन हाकिम यांनीं १९६५ च्या सुमारास तो जगापुढें आणला. पाय जमिनीस खिळल्यासारखी चाल, लघवी न आवरणें आणि विस्मरण हीं त्याचीं लक्षणें होत. आणि शस्त्रक्रियेनें नळी बसवून तें पाणी काढून दिल्यास कित्येकांची चाल सुधारते. सुधारण्याजोगें दुखणें ‘वय झालें’ म्हणून घरांतच राहावें, याहून दुर्दैव तें कोणतें?

औषधांच्या बाबतींत प्रांजळपणें बोलावयास हवें. लेव्होडोपा हें द्रव्य मेंदूंत गेल्यावर त्याचें डोपामिन बनतें. १९६१ सालीं व्हिएन्ना येथें तें प्रथम शिरेंतून देण्यांत आलें, आणि १९६७ सालीं कोत्झियास यांनीं अमेरिकेंत तें मोठ्या मात्रेंत तोंडावाटें देऊन जखडलेलीं माणसें चालतीं केलीं. (हेंच द्रव्य आपल्याकडील कवचबीजांत, म्हणजे खाजकुयलीच्या बियांत आहे, दामोदरन् व रामस्वामी यांनीं तें १९३७ सालीं त्यांतून वेगळें काढलें होतें. तथापि चालू औषधावर बियांची पूड मनानें घेणें धोक्याचें, कारण मात्रा दुप्पट होते.) या औषधानें ताठपणा व मंदपणा निवळतो, पाऊल लांब पडतें, परंतु धक्का बसल्यावर सांवरण्याची शक्ति त्यानें फारशी परत येत नाहीं. ती केवळ डोपामिनवर अवलंबून नसून मेंदूच्या बुंध्यांतील दुसऱ्या केंद्रांवरही अवलंबून असते, असें दिसतें. उलट औषधानें हुरूप येऊन मनुष्य अधिक चालूं लागतो आणि अधिक पडतो, असेंही घडतें. गोळीचा अंमल उतरल्यावर पाय जखडतात. म्हणून स्नान, जिना, बाहेर जाणें हीं कामें अंमल असतांना करावींत, आणि गोळीची वेळ घरांत इतर कोणत्याही कामासाठीं चुकूं देऊं नये.

मग उपाय कोणता? तो पेढीच्या दृष्टान्तांतच आहे. गुमास्ता आजारी पडला तर मालकानें स्वतः वही उघडावी. जें काम आपोआप होत नाहीं तें जाणूनबुजून केलें तर होतें, कारण मेंदूंतील त्याची वाट निराळी आहे. लंडनचे पर्डन मार्टिन यांनीं याचा फार बारकाईनें अभ्यास केला. पहिल्या महायुद्धाच्या काळीं सुरू झालेल्या मेंदूज्वराच्या एका विलक्षण सांथींतून वांचलेले अनेक लोक पुढें कंपवातानें जखडले. ते इंग्लंडांतील एका रुग्णालयांत वर्षानुवर्षें राहत होते. मार्टिन यांना आढळलें कीं, जमिनीवर चालण्याच्या दिशेस आडवे पट्टे काढले म्हणजे जागचा न हलणारा रोगी ते पट्टे ओलांडीत चालूं लागतो. उभे पट्टे काढल्यास कांहींच उपयोग होत नाहीं. १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत हें आलें आहे. मूळच्या पुण्याच्या आरेखनकार मिलेहा सोनेजी यांच्या अनुभवास हेंच आलें. त्यांचे काका सपाट जमिनीवर आधारावांचून चालूं शकत नसत, पण जिना मात्र सहज चढत-उतरत. तेव्हां त्यांनीं सपाट जमिनीवर जिन्याच्या पायऱ्यांचा भास होईल असें चित्र अंथरलें, आणि काका त्यावरून सरळ चालत गेले. २०१५ सालच्या एका भाषणांत त्यांनीं हें जगास सांगितलें. हॉलंडमधील एका रोग्याची हकीकत तर याहून चमत्कारिक. त्यास दोन पावलें धड टाकवत नसत, पण सायकलवर बसवून दिलें म्हणजे तो वळणें घेत सफाईनें जाई! ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही गोष्ट २०१० सालीं प्रसिद्ध केली. पाय दुबळे नसतात. पाय हलविण्याची नेहमींची आज्ञा तेवढी पोंचत नसते.

मात्र मालक वही उघडून बसला कीं त्यास दुसरें काम सांगतां येत नाहीं. निरोगी वृद्ध कठीण वाटेवर बोलणें थांबवितो आणि पाय सांभाळतो. कंपवाताच्या रोग्यांत हा विवेक शिथिल होतो असें आढळलें आहे. ते चालणें, बोलणें, हातांतला पेला, सर्वच एकदम करूं पाहतात आणि त्यांत तोल जातो. म्हणून चालत्या माणसास मागून हांक मारूं नये, चालतांना प्रश्न विचारूं नये, त्याच्या हातांत कपबशी देऊं नये. घरांत टेलिफोन वाजला कीं आजोबा उठूं लागतात. तो टेलिफोन त्यांच्या उशाशीं तरी ठेवावा, किंवा त्यांनीं तो घ्यावयाचाच नाहीं असें तरी ठरवून टाकावें.

वळतांना जागीं गिरकी न घेतां गाडीबैलाप्रमाणें लांबचा फेरा घ्यावा. स्वयंपाकघर अरुंद असेल तर मधलें टेबल बाहेर काढावें. खुर्चींतून उठतांना आधीं पुढें सरकून पाय मागें घ्यावे, नाक गुडघ्यांच्या पुढें येईपर्यंत वांकावें, आणि मग उठावें. उठल्यावर लगेच पाऊल न टाकतां क्षणभर तसेंच उभें राहावें. न्हाणीघरांत भिंतीस पक्की कांब बसवावी. टॉवेल वाळविण्याचा दांडा त्या कामाचा नव्हे, तो हातांतच येतो. धोतराचा सोगा वा साडीच्या निऱ्या घोट्याच्या वर राहाव्यात. टांचेस पट्टा नसलेल्या सपाता टाकून द्याव्यात. रात्रीं उठण्याच्या वाटेवर मंद दिवा असावा, कारण तीन बातम्यांपैकीं डोळ्यांची बातमी या रोग्यास सर्वांत अधिक आधार देते. काठी प्रत्येकास मानवतेच असें नाहीं. चार पायांचा, उचलून ठेवावा लागणारा आधार कित्येकांच्या चालण्यांत अडथळाच आणतो. तो व्यायामोपचाराच्या जाणकारासमोर वापरून पाहून मगच विकत घ्यावा.

एकदां पडलेला मनुष्य भीतीनें खुर्ची धरतो. बसून बसून पाय खरोखरच दुबळे होतात आणि पुढचें पडणें जवळ येतें. येथें व्यायाम उपयोगी पडतो याविषयीं शंका उरलेली नाहीं. ओरेगॉन येथें १९५ रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तान्त २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. आठवड्यांतून दोनदां, चोवीस आठवडे ताई-ची हा संथ चिनी व्यायाम करणारांचा तोल, केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणारांपेक्षां चांगला राहिला व त्यांचें पडणेंही कमी झालें. त्या व्यायामांत मुख्य भाग हाच कीं, देहाचा भार जाणीवपूर्वक एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यावयाचा. पुण्यांत तर कंपवाताचे रोगी एकत्र जमून नृत्यही शिकले आहेत. घरच्या घरीं ओट्याला हात टेंकून, मागें खुर्ची ठेवून, भार डावी-उजवीकडे झुलविणें एवढें तरी रोज करितां येतें. शेजारीं कोणी तरी उभें मात्र असावें.

आणि दारांत पाय जखडले तर? अशा वेळीं हात धरून ओढणें ही सर्वसाधारण चूक आहे. वरचें अंग पुढें येतें, पाय तेथेंच राहतात. घाई करूं नये, ‘चला, चला’ म्हणूं नये. सोबत्यानें समोर न येतां बाजूस उभें राहावें, रोग्यास एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे हलकेंच झुलूं द्यावें, आणि आपलें एक पाऊल त्याच्या पावलापुढें आडवें ठेवून तें ओलांडण्यास सांगावें. बहुधा तो उंबरठा ओलांडल्याप्रमाणें पाय उचलतो आणि पलीकडे जातो.